बॉस्कोनची पहिली वारी

बॉस्कोन हे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या प्रदेशातील सर्वांत जुने विज्ञानकथा संमेलन. पहिले बॉस्कोन १९४१ च्या फेब्रुवारीत भरले. १९४५ नंतर ही प्रथा खंडित झाली आणि १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९६७ साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड सायन्स फिक्शन असोसिएशनने, म्हणजे सगळे जिला ‘नेस्फा’ म्हणतात त्या संस्थेने, पुढे या संमेलनाची जबाबदारी अंगावर घेतली. बॉस्कोन या नावात बोस्टनही आहे आणि कन्व्हेन्शनही, शिवाय ई. ई. स्मिथ यांच्या जुन्या अंतराळकथांमधील खलशक्तीचेही तेच नाव आहे. स्वतःच्या संमेलनाला खलनायकाचे नाव देणारी माणसे फार गंभीर चेहऱ्याची नसावीत, हा माझा तर्क बऱ्याच अंशी खरा ठरला.

संमेलन म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर आपले साहित्य संमेलनच येते. ग्रंथदिंडी, मांडव, व्यासपीठावरील खुर्च्यांची रांग, लांबलेली प्रास्ताविके आणि मागच्या बाजूला ग्रंथप्रदर्शनात रमलेले, भाषणाकडे पाठ फिरवलेले खरे वाचक. त्यामुळे बोस्टनला जाताना माझी पहिली उत्सुकता लेखकांविषयी नव्हतीच. या संमेलनात वाचकाला कुठे बसवतात, हे मला पाहायचे होते.

शुक्रवार

बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमहून, म्हणजे माझ्या गावाहून, दुपारची गाडी पकडली. नेटिक, वेलस्ली, न्यूटन असे करत ती तासाभराच्या आत साउथ स्टेशनला पोहोचते. तेथून सिल्व्हर लाइन नावाची, बोगद्यातून धावणारी बस दुसऱ्याच थांब्यावर सीपोर्ट भागात आणून सोडते. एके काळी रेल्वेचे यार्ड आणि गाड्या लावायची मैदाने असलेल्या या भागात आता काचेच्या इमारती दाटीने उभ्या आहेत, आणि फेब्रुवारीत समुद्रावरून येणारा वारा त्या इमारतींच्या फटींतून असा घुसतो की थांब्यापासून हॉटेलपर्यंतचे थोडेसे अंतरही लांब वाटते. संमेलन शहराच्या भव्य प्रदर्शन केंद्राला लागून असलेल्या हॉटेलात भरते. प्रदर्शन केंद्रात त्या दिवशी कसलासा व्यापारी मेळावा होता, त्यामुळे लिफ्टमध्ये एका बाजूला कडक इस्त्रीचे सूट आणि दुसऱ्या बाजूला खांद्यावर कापडी ड्रॅगन बसवलेली आजी, असा योग पहिल्या पाच मिनिटांतच आला.

मी फ्रेमिंगहॅमहून आले हे ऐकल्यावर नोंदणीच्या टेबलावरील वयस्क गृहस्थ खुलले, कारण बॉस्कोनच्या इतिहासात आमच्या गावाला स्थान आहे आणि ते मला ठाऊक नव्हते. १९८० च्या दशकात हे संमेलन फुगत गेले आणि १९८७ साली चार हजारांहून अधिक लोक आले. एवढी गर्दी, रात्रभर चालणारा गोंधळ आणि त्यातून हॉटेलशी उडालेले खटके यांचा परिणाम असा झाला की पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये जागाच मिळाली नाही. संमेलन पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला गेले आणि त्यानंतर १९९३ पासून दशकभर फ्रेमिंगहॅमच्या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या हॉटेलात भरले. बोस्टनमध्ये ते परतले २००३ साली. त्या उलथापालथीत नेस्फाने जाणूनबुजून संमेलन लहान केले आणि पुस्तके, चित्रे व चर्चा यांवर भर ठेवून बाकीचा पसारा आवरता घेतला. ज्यांना तो पसाराच हवा होता त्यांनी १९९० मध्ये अरिसिया नावाचे वेगळे संमेलन सुरू केले आणि तेही बोस्टन परिसरात भरत आले आहे. फूट पडून दोन्ही घरे नांदती राहिल्याचे असे उदाहरण आपल्या साहित्यसंस्थांच्या इतिहासात शोधावे लागेल.

येथे तिकीट नसते, सभासदत्व असते, आणि हा फरक केवळ कागदोपत्री नाही. नोंदणी करणारे, माइक लावणारे, चित्रे टांगणारे, चहाच्या खोलीत फळे कापून ठेवणारे सगळे सभासद आहेत. त्यांना कोणी पगार देत नाही आणि त्यांतील बहुतेकांनी आपली वर्गणीही भरलेली असते. परिसंवादांत बोलणारे लेखकसुद्धा, मोजके सन्माननीय अतिथी सोडले तर, मानधनावर आलेले नसतात. गळ्यातला बिल्ला सर्वांना सारखाच. बिल्ल्याखाली रंगीत फिती चिकटवण्याची चाल आहे. कोणाच्या छातीवर एक, तर कोणाची माळ थेट कमरेपर्यंत. माझ्या बिल्ल्याखाली ‘पहिलीच खेप’ असे सांगणारी एक फीत लावण्यात आली आणि तिचा फायदा लवकरच कळला, कारण त्यानंतर प्रत्येक तिसरा माणूस आपणहून थांबून काय पाहावे आणि काय टाळावे हे सांगू लागला.

संध्याकाळ कलादालनात गेली. बॉस्कोनचे चित्रप्रदर्शन नावाजलेले आहे आणि ते का, हे आत शिरताच समजते. एरवी मुखपृष्ठावर तळहाताएवढे पाहिलेले चित्र येथे मूळ आकारात, तैलरंगांच्या थरांसह, हातभर अंतरावर असते. एका चित्रात गोठलेल्या उपग्रहाच्या क्षितिजावर वलयांकित ग्रह उगवत होता. जवळ गेल्यावर दिसले की बर्फावरचा निळसर प्रकाश नुसता निळा नाही. त्याच्याखाली गुलाबी रंगाचा पातळ हात दिलेला आहे आणि वलयांची सावली ग्रहावर नेमकी त्याच बाजूला पडली आहे, जिथे चित्रातला सूर्य पाहता ती पडायला हवी. चित्राच्या खाली एक साधा कागद होता. त्यावर किमान किंमत छापलेली आणि तिच्याखाली रिकाम्या ओळी. ज्याला चित्र हवे त्याने आपला बिल्ला क्रमांक आणि रक्कम लिहायची, पुढच्याने त्यापेक्षा वरची. ठरलेल्या संख्येइतक्या बोली झाल्या की ते चित्र तोंडी लिलावात जाते. त्या कागदावर दोनच हस्ताक्षरे आलटून पालटून खाली उतरत होती. एक ठसठशीत, दुसरे बारीक आणि तिरपे, आणि बारीक अक्षरवाला दर खेपेला नेमके पाचच डॉलर वाढवत होता.

शनिवार

सकाळी दहाला कार्यक्रमपत्रिका घेऊन बसले तेव्हा एकाच वेळी चालणारे सात-आठ कार्यक्रम समोर होते. कोठेही दीर्घ भाषण नाही. चार-पाच जण, त्यांतील एक सूत्रसंचालक, पंचावन्न मिनिटे, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे श्रोत्यांची. वेळ संपायला आली की मागे उभा असलेला स्वयंसेवक फलक दाखवतो आणि वक्ते खरोखर थांबतात. सगळेच परिसंवाद रंगले असे म्हणवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एका चर्चेत एक गृहस्थ आपल्याच पुस्तकाविषयी इतके बोलले की बाकीच्या वक्त्यांनी शेवटी पाण्याचे पेले भरण्यात वेळ काढला.

त्यानंतरचे ग्रहरचनेवरील सत्र मात्र अविस्मरणीय झाले. काल्पनिक ग्रह विज्ञानाच्या नियमांत कसा बसवावा हा विषय असला की बोस्टनकरांच्या बोलण्यात हॅल क्लेमंट यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. खरे नाव हॅरी स्टब्ज, बोस्टनजवळच्या मिल्टन अकॅडमीत विज्ञानाचे शिक्षक, २००३ साली निधन होईपर्यंत बॉस्कोनचे नेहमीचे पाहुणे. १९५३ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीतील मेस्क्लिन हा ग्रह स्वतःभोवती सुमारे अठरा मिनिटांत फिरतो. त्यामुळे तो बशीसारखा चपटा झालेला आहे, आणि विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट असलेले गुरुत्व ध्रुवाकडे शेकडो पट होते. तेथील जीव सुरवंटासारखे बुटके, अनेक पायांचे, आणि उंचीला मरणाइतके भिणारे, कारण ध्रुवाजवळ वितभर उंचीवरून पडणे म्हणजे मृत्यूच. एकच आकडा बदलला आणि त्यातून जीवांचे शरीर, त्यांची भीती, त्यांचे जहाज, त्यांचे व्यापारी डावपेच असे सगळे ओघाने आले, हे त्या सत्रात एका खगोलशास्त्रज्ञ बाईंनी फळ्यावर एकही समीकरण न लिहिता उलगडून दाखवले.

विज्ञानकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील खेळ आहे, लेखकाने चुका टाळायच्या आणि वाचकाने त्या शोधायच्या, ही क्लेमंट यांची भूमिका होती. बोस्टनमध्ये हा खेळ खेळणारे वाचकही तसेच तयारीचे निघाले. एमआयटीच्या विज्ञानकथा मंडळातील मुलांनी मेस्क्लिनचे गणित पुन्हा मांडले आणि ग्रहाच्या विषुववृत्तावर धारदार कड यायला हवी असा निष्कर्ष काढला. पुढे लॅरी निव्हन यांनी एका परक्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या प्रचंड कड्यावरची कादंबरी लिहिली. १९७१ साली जागतिक विज्ञानकथा संमेलन बोस्टनमध्ये भरले, तेव्हा एमआयटीचे विद्यार्थी ‘तुमचे कडे अस्थिर आहे’ अशा घोषणा देत हॉटेलच्या मार्गिकांतून फिरले. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. ग्रह ताऱ्याभोवती कक्षेत फिरतो, पण संपूर्ण कडे तसे फिरत नाही. ते किंचित जरी सरकले, तरी जवळ आलेली बाजू अधिक ओढली जाते आणि अखेरीस कडे ताऱ्यावर जाऊन आदळते. निव्हन यांनी पुढच्या कादंबरीत कड्याला जागेवर ठेवणारी इंजिने बसवली. वाचकांनी मोर्चा काढला आणि लेखकाने दुरुस्ती केली! समीक्षेचा हा प्रकार मला तरी फार आवडला.

दुपारी त्याचाच लहानसा प्रयोग प्रत्यक्ष पाहायला मिळाला. येथे आगाऊ नाव नोंदवून लेखकासोबत एका टेबलाभोवती कॉफी घेत बसण्याचे कार्यक्रम असतात. एक लेखिका आणि आठ-दहा वाचक, माइक नाही, संचालक नाही. आमच्या टेबलावरील एका निवृत्त गृहस्थांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि अत्यंत अदबीने सांगितले, की तुमच्या कादंबरीच्या उत्तरार्धात पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री उगवतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. मध्यरात्री उगवतो तो वद्य अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र. मी श्वास रोखून बाईंकडे पाहिले. त्यांनी कपाळाला हात लावला, वही काढली, पान क्रमांक लिहून घेतला आणि विचारले, की तो प्रसंग पूर्ण चंद्राशिवाय चालणार नाही, तर मग पात्रांना संध्याकाळीच टेकडीवर पाठवू का? पुढची दहा मिनिटे सगळे टेबल त्या टेकडीवर कोणाला किती वाजता पाठवायचे याच्या खटपटीत होते. पंचांग पाहत वाढलेल्या मला या चर्चेत थोडा भाव खाता आला हे मान्य करते.

त्याच बैठकीत लेखकाच्या नावाचा संपादकावर किती प्रभाव पडतो असा विषय निघाला, तेव्हा मी जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाची कथा म्हणून परीक्षक दबून जाऊ नयेत एवढाच हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा लेखक मिळाला. टेबलावर कोणालाही मराठीत विज्ञानकथेची स्पर्धा होते हे ठाऊक नव्हते. नारळीकरांचे नाव मात्र दोघांना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे सहकारी म्हणून परिचयाचे होते. चंद्रवाल्या गृहस्थांनी कागदाच्या मागच्या बाजूला त्यांचे नाव माझ्याकडून अक्षरे विचारून लिहून घेतले.

पुस्तकविक्रेत्यांच्या दालनात जुन्या मासिकांच्या पेट्यांपाशी मी वाकले असताना मागून आवाज आला, “अहो, तुम्ही मराठी ना? बिल्ल्यावर आडनाव वाचलं.” सत्तरी ओलांडलेले काका होते, सत्तरच्या दशकात शिक्षणासाठी आलेले आणि येथेच रसायनशास्त्रात नोकरी करून निवृत्त झालेले. वय कळल्यावर मला ‘तू’ म्हणू लागले, तेही बरेच वाटले. “पहिल्यांदाच आलीस ना? मग ऐक. दिवसाला तीनपेक्षा जास्त चर्चा ऐकायच्या नाहीत. उरलेला वेळ इथे काढायचा. खरं कॉन, म्हणजे संमेलन, इथे असतं.” त्यांनी पारदर्शक पिशवीतला पन्नासच्या दशकातील एक अंक मला नाकाशी धरायला लावला, पिवळ्या पडलेल्या कागदाचा तो किंचित गोडसर वास दिवाळी अंकांच्या जुन्या गठ्ठ्यालाही येतो. किंमत पाहून अंक मी परत ठेवला. काकांनी तीच प्रत घेतली आणि पैसे देताना विक्रेत्याशी चांगली घासाघीस केली.

स्कायलार्क पुरस्काराचा किस्साही त्यांच्याकडूनच ऐकला. ई. ई. स्मिथ यांच्या स्मरणार्थ नेस्फातर्फे दिला जाणारा हा सन्मान १९६६ मध्ये, म्हणजे संस्थेच्याही आधी, सुरू झाला, आणि स्मिथ यांच्या कथांमधील भिंगधारी वीरांना साजेसे म्हणून त्याच्या चिन्हात खरेखुरे मोठे भिंग बसवलेले असते. लेखिका जेन योलन यांनी ते घरी खिडकीत ठेवले, त्यातून ऊन एकवटले आणि त्यांच्या कोटाने पेट घेतला. तेव्हापासून हा पुरस्कार मिळवणाऱ्याला तो ऊन पोहोचणार नाही अशा जागी ठेवण्याची सूचना भर सभेत दिली जाते, आणि इंग्रजीत त्या सूचनेला जो दुसरा वाह्यात अर्थ आहे त्यावर सभागृह दरवर्षी नव्याने हसते, असे काका म्हणाले.

रात्री हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर पार्ट्या होत्या. पुढची जागतिक संमेलने आपल्या शहरात व्हावीत म्हणून वेगवेगळ्या गावांचे चाहते खोल्या घेऊन लोकांना खाऊ घालत होते. दोन खोल्यांत चीज आणि बिस्किटे खाऊन मी गाणाऱ्यांच्या खोलीकडे वळले. यांच्या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात. गोल करून बसायचे, पाळी आली की स्वतः गायचे, नाहीतर दुसऱ्याकडे फर्माईश करायची, नाहीतर पाळी पुढे सोडायची. आपल्याकडच्या भजनाच्या बैठकीत असतो तसा पेटीवाला येथे नव्हता, गिटारी होत्या. पण ध्रुवपद आले की सुरात असलेले आणि नसलेले सगळेच सारख्या जोमाने उचलत होते. जुन्या खलाशी गीताच्या चालीवर एका बाईंनी मंगळाकडे जाणाऱ्या मालवाहू यानाचे गाणे म्हटले, त्यात इंधनाचा हिशेब चुकल्यावर स्वयंपाकी कप्तानाला जे ऐकवतो ते कडवे लोकांनी पुन्हा म्हणायला लावले. मी पाळी सोडली. शेवटची गाडी गाठायची होती. खोलीतले लोक मात्र उठण्याच्या बेतात दिसत नव्हते.

रविवार

सकाळ संथ होती. मुलांसाठी वेगळे दालन आहे, तेथे पुठ्ठ्याचे अवकाशस्थानक उभे राहत होते आणि हवाबंद दरवाजा कोणत्या बाजूला उघडावा यावरून दोन लहान मुलींचे कडाक्याचे भांडण चालले होते. मला तरी आत उघडावा म्हणणारीचे बरोबर वाटले, कारण आतल्या हवेच्या दाबाने तो आपोआप घट्ट बसतो.

लिलावात ते बर्फाळ उपग्रहाचे चित्र आले. ठसठशीत हस्ताक्षर म्हणजे एक तरुण जोडपे निघाले आणि बारीक तिरपे हस्ताक्षर म्हणजे पहिल्या रांगेतल्या वृद्ध बाई, ज्यांनी तोंडी लिलावातही पाच-पाच डॉलरचा आपला शिरस्ता सोडला नाही. लिलाव पुकारणाऱ्याने दोनदा विनवणी केली, मोठी उडी घ्या, सगळ्यांना जेवायला जायचे आहे. बाईंनी शांतपणे आणखी पाच वाढवले. जोडप्याने एकमेकांकडे पाहून मान हलवली आणि चित्र बाईंना गेले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला कार्यक्रम मात्र शेवटचा होता. समारोपाचे भाषण नाही, ठराव नाहीत. संमेलनाचे कार्यवाह आणि विभागप्रमुख समोर टेबलाशी वह्या उघडून बसतात आणि सभासदांनी आपल्या तक्रारी सांगायच्या. मला ही निव्वळ औपचारिकता वाटली होती, पण खोली भरलेली होती. हवे असलेले दोन कार्यक्रम एकाच वेळी आल्याचे एकाने सांगितले. मागच्या रांगेत ऐकू येण्यासाठी वक्त्यांनी माइक तोंडाजवळ धरावा असे दुसऱ्याने. एका बाईंनी सभासदांचे सरासरी वय दरवर्षी एका वर्षाने वाढते आहे असे म्हटले तेव्हा हशा पिकला, पण वहीत ते लिहून घेतले गेले. प्रश्न खरा आहे. बहुतेक डोकी पांढरी होती, विद्यार्थी थोडे आणि आपल्यासारखे चेहरे त्याहून थोडे. मी हात वर केला आणि म्हणाले की इंग्रजीखेरीज इतर भाषांतील विज्ञानकथांवर एखादे सत्र ठेवता आले तर पाहा. मराठी, बंगाली, तमिळ वाचणारे लोक याच शहरात हजारोंनी आहेत आणि त्यांना येथे यायला निमित्त हवे. समोरून ताबडतोब उलट प्रश्न आला, असे सत्र तुम्ही मांडून द्याल का, त्यात कोण बोलेल ते सुचवाल का? येथे सूचना केली की ती करणाऱ्याच्याच गळ्यात पडते, हे काकांनी सांगायचे राहून गेले होते. दुसऱ्या रांगेत बसलेले काका छताकडे पाहत होते.

सत्राविषयी विचार करून कळवते असे सांगून मी बाहेर पडले, तर कलादालनाची मोडतोड सुरू झाली होती. चित्रे ज्यांवर टांगलेली होती त्या छिद्रांच्या फळ्या, त्यांना धरणारे लोखंडी नळ, दिव्यांच्या वायरी, सगळे सुटे करून संस्थेच्या गोदामात परत जायचे होते. हे काम हॉटेलचे नोकर करत नाहीत, सभासद करतात. मला हातमोजे देण्यात आले आणि चित्रे टांगायच्या आकड्यांच्या पेटीजवळ बसवले. मोठे आकडे एका डब्यात, लहान दुसऱ्यात, वाकलेले तिसऱ्यात. शेजारी कॉफीच्या बैठकीतल्या त्या लेखिका बाई वायरी गुंडाळत होत्या. चंद्राचे काय ठरले असे मी विचारले. त्या म्हणाल्या की पात्रे संध्याकाळीच निघतील, पण मग जेवणाचा प्रसंग आधी घ्यावा लागेल आणि त्यामुळे खुनी माणसाला स्वयंपाकघरात सुरी सापडते ती वेळ चुकते.

साडेचारपर्यंत निम्मे दालन मोकळे झाले. कलाविभागाच्या प्रमुखांनी माझा ईमेल लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी फळ्या उभ्या करायला उद्घाटनाच्या आधी येता येईल का, असे विचारले. मी होकार दिला. चित्रे टांगण्यापूर्वी जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेली असतात, तेव्हा ती सगळ्यांत जवळून पाहता येतात, असे त्या म्हणाल्या. मग सवलतीच्या दरात पुढल्या वर्षाचे सभासदत्व घेतले, काकांना मराठी सत्रासाठी वक्ता म्हणून गळाला लावले आणि फ्रेमिंगहॅमची गाडी पकडली.